डार्क चॉकलेट आणि संत्रं : ठाणे-नवी मुंबईत काय घ्यायचं, कुठे शोधायचं

डार्क चॉकलेट आणि संत्रं ही जोडी एकदा आवडली की माणूस प्रत्येक दुकानात तेच शोधत फिरतो, आणि बऱ्याचदा त्याच्या हाती येतो तो फक्त नारंगी कागद. आत नुसतंच गोड चॉकलेट आणि त्याला लिमलेटच्या गोळीचा वास. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. तुम्ही ठाण्यात किंवा नवी मुंबईत नवे असाल, किंवा राहता इथेच पण या चवीच्या नादाला आत्ता लागला असाल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी. दुकानांची नुसती यादी देऊन भागत नाही, कारण आज फळीवर असलेला माल पुढच्या आठवड्यात असेलच असं नाही. काय मागायचं, काय परत ठेवायचं आणि कोणत्या प्रकारच्या दुकानात शिरायचं, एवढं कळलं की झालं.

त्याआधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. या जोडीतल्या संत्र्याची चव सालीतून येते. सालीच्या नारंगी भागात तेलाच्या बारीक बारीक पिशव्या असतात. ताज्या सालीचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीजवळ धरून दुमडा, तडतड ठिणग्या उडतील. हे ते तेल. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनीन असतं, आणि आपण ज्याला ‘संत्र्याचा वास’ म्हणतो तो बहुतांशी त्याच्यामुळे आणि त्याच्या सोबतच्या इतर सुगंधी घटकांमुळे येतो. चॉकलेटातलं कोको बटर हा स्निग्ध पदार्थ, त्यामुळे तेल त्यात छान मिसळतं. रसाचं तसं नाही. वितळलेल्या चॉकलेटात चमचाभर रस पडला तरी ते आवळतं आणि त्याचा रवाळ गोळा होतो. म्हणून चांगल्या ऑरेंज चॉकलेटात साल असते, सालीचं तेल असतं, किंवा पाकात मुरवलेली साल असते. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच कसोटीवर चालतात.

पायरी १ : नेमकं काय हवंय?

दुकानात जाऊन ‘ऑरेंज चॉकलेट आहे का?’ असं विचारलंत तर दुकानदार मिल्क चॉकलेटसुद्धा पुढे करेल, त्यामुळे आधी प्रकार ठरवा.

सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे बार. त्यात सालीचे तुकडे असतात किंवा नुसतं तेल असतं. दुसरा, आणि माझ्या मते या जोडीचा सगळ्यात सरस प्रकार, म्हणजे ऑरेंजेट : पाकवलेल्या सालीच्या लांबट काड्या अर्ध्या-पाऊण डार्क चॉकलेटात बुडवलेल्या. हा फ्रेंच प्रकार इथे तयार क्वचित दिसतो, पण घरी उत्तम होतो. त्याबद्दल पुढे सविस्तर. तिसरा प्रकार बेकरीतला : ब्राउनी, केक, ट्रफल. चौथा म्हणजे बिस्किटांच्या फळीवरचे जाफा केक. खाली स्पंज, मध्ये संत्र्याची जेली, वर डार्क चॉकलेटचा पातळ थर. ब्रिटनमध्ये ते १९२७पासून मिळतात. हा केक की बिस्कीट, यावर तिथे चक्क करासाठी वाद झाला आणि १९९१मध्ये निकाल केकच्या बाजूने लागला. गंमत म्हणून एकदा खावेत. पण त्यात चॉकलेट नावापुरतंच, त्यामुळे डार्कची तहान त्यावर भागत नाही.

कोकोचं प्रमाण किती घ्यावं? नव्याने सुरुवात करणाऱ्याने ५० ते ६० टक्क्यांच्या आसपास राहावं. सत्तरच्या पुढे कोकोचा कडवटपणा आणि सालीचा कडवटपणा एकमेकांवर चढतात. काहींना नेमकं तेच आवडतं. पंच्याऐंशीला तर संत्रं जवळजवळ ऐकूच येत नाही. ‘जास्त टक्के म्हणजे जास्त भारी’ हा हिशेब इथे चालत नाही.

पायरी २ : रॅपर उलटं करा

खरी परीक्षा इथे. पुढचं चित्र विसरा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. डोळ्यांना ताण पडत असेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करा, दुकानात कोणी काही म्हणत नाही.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. पहिलं नाव कोको मास किंवा कोको सॉलिड्स असेल तर उत्तम. साखर पहिली असली म्हणून लगेच परत ठेवू नका, पन्नास टक्क्यांच्या आसपासच्या बारमध्ये तसं होतं. पण यादीत ‘हायड्रोजिनेटेड व्हेजिटेबल फॅट’ किंवा पाम तेल वरच्या क्रमांकावर दिसलं, तर ते कंपाउंड आहे. त्यात कोको बटरच्या जागी स्वस्त स्निग्धांश असतो, म्हणून ते तोंडात पटकन विरघळत नाही आणि टाळूला मेणासारखं चिकटतं. संत्र्याचा नाजूक वास त्याच्याखाली दबून जातो.

आता संत्र्याकडे या. ‘ऑरेंज पील’, ‘ऑरेंज झेस्ट’, ‘ऑरेंज ऑइल’, ‘कॅन्डीड ऑरेंज’ यातलं काही असेल तर बार घ्यावा. सोबत टक्केवारी दिली असेल तर आणखी चांगलं. ‘ऑरेंज फ्रूट प्रिपरेशन’ किंवा ‘ऑरेंज पीसेस’ असेल तर पुढचा कंस वाचा. त्या तुकड्यांत सफरचंद किंवा अननसही मिसळलेलं असू शकतं. फसवणूक नाही, तुकडा मऊ राहावा म्हणून करतात, पण चव थोडी जॅमकडे झुकते. नुसतं ‘नेचर आयडेंटिकल’ किंवा ‘आर्टिफिशियल फ्लेव्हर’ एवढंच लिहिलं असेल तर मी तरी परत ठेवतो.

परदेशी मालावर आणखी एक गोष्ट बघा : आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा (म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक, एमआरपी आणि शाकाहारी-मांसाहारी खूण असलेलं स्टिकर. ते नसेल तर माल कुठून, कसा आला हे कळायला मार्ग नाही. घरात कोणी अंडं खात नसेल तर जाफा केकसारख्या प्रकारांत ही खूण मुद्दाम तपासा.

वजनही बघून घ्या. मोठ्या परदेशी कंपनीचा बार बहुधा १०० ग्रॅमचा असतो, आपल्याकडच्या छोट्या उत्पादकांचा पुष्कळदा ५० ते ७० ग्रॅमचा. किमती शेजारी शेजारी ठेवून तुलना करायची तर दर १०० ग्रॅमला काढा, मग कोण महाग ते कळतं.

पायरी ३ : ओळखीची नावं

लिंटच्या ‘एक्सलन्स’ मालिकेतला ‘ऑरेंज इंटेन्स’ हा बार सुरुवातीला घ्यायला ठीक. त्यात संत्र्याचे तुकडे आणि बदामाचे काप असतात, आणि कोको पन्नासच्या जरा खाली, त्यामुळे डार्कची सवय नसलेल्यालाही जड जात नाही. माझी तक्रार एवढीच, की तो गोडाकडे झुकतो. अमूलच्या डार्क चॉकलेटांमध्ये ‘ट्रॉपिकल ऑरेंज’ आहे. खिशाला परवडतं, आणि अमूलच्या पार्लरमध्ये विचारायला काहीच हरकत नाही.

आपल्याकडच्या छोट्या उत्पादकांत गेल्या काही वर्षांत खूप चांगलं काम झालंय. कोचीच्या पॉल अँड माइकचा ६४ टक्क्यांचा, संत्र्याची साल आणि सिचुआन मिरी घातलेला बार इंटरनॅशनल चॉकलेट अवॉर्ड्समध्ये रौप्यपदक मिळवून आला. सिचुआन मिरी म्हणजे कोकण-गोव्यातल्या तिरफळाची नातलग. माशाच्या आमटीत तिरफळ घालणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला ती जिभेवरची झिणझिण लगेच ओळखीची वाटेल. इतरांनी एक तुकडा खाऊन मगच पूर्ण बारचं ठरवावं. ऑरोव्हिलचं मेसन अँड कंपनीही याच वर्गातलं.

ब्रिटनहून येणारं टेरीजचं चॉकलेट ऑरेंज बऱ्याच जणांनी पाहिलेलं असतं : संत्र्याच्या आकाराचा गोळा, टेबलावर आपटला की फोडी सुट्या होतात. यॉर्कमध्ये १९३०च्या दशकात सुरू झालेला हा प्रकार २००५मध्ये तिथला कारखाना बंद झाल्यापासून युरोपातल्या इतर ठिकाणी बनतो. लक्षात ठेवा, दुकानात बहुतेक वेळा मिळतं ते मिल्क. खोक्यावर ‘डार्क’ लिहिलेलं बघूनच उचला.

पायरी ४ : दुकानं, दोन्ही बाजूंची

ठाण्यात सुरुवात मॉलमधल्या सुपरमार्केटपासून करणं सोयीचं. विवियाना (आताचं नाव लेक शोअर) किंवा कोरममध्ये गेलात तर नेहमीच्या चॉकलेटच्या फळीवर थांबू नका, ‘इंपोर्टेड’ किंवा ‘गूर्मे’ लिहिलेली फळी वेगळी असते आणि ती बऱ्याचदा चीज-पास्त्याच्या शेजारी असते. घोडबंदर रोडला, विशेषतः हिरानंदानी इस्टेटच्या बाजूला, आयात मालाची छोटी दुकानं धुंडाळण्यासारखी आहेत. नौपाडा, गोखले रोड, राम मारुती रोड इथल्या जुन्या ड्रायफ्रूटवाल्यांकडे आणि मेडिकल-कम-जनरल स्टोअरमध्येही एखादा चांगला बार निघतो. फक्त तारीख बघा, कारण असा माल तिथे हळू खपतो.

स्टेशनजवळच्या जांभळी नाक्याचा उपयोग वेगळा. तिथे तयार चॉकलेट शोधायला जाऊ नका, घरी करायचं सामान घ्यायला जा. केकच्या साहित्याच्या दुकानात संवाद साधारण असा होतो :

‘दादा, डार्क चॉकलेटचा स्लॅब द्या.’

‘कंपाउंड देऊ की प्युअर?’

‘प्युअर. कोको बटरवालं.’

‘ताई, ते महाग पडेल हां. आणि ते टेंपर करावं लागतं.’

‘चालेल, करते मी.’

टेंपर करणं म्हणजे वितळलेलं चॉकलेट चकाकी धरून कडक व्हावं म्हणून ढवळत ठरावीक तापमानाला आणणं. हे पाच वाक्यांचं बोलणं केलंत तर घरी गेल्यावर पस्तावायची वेळ येत नाही, कारण काही न सांगता ‘डार्क स्लॅब’ मागितला तर हातात कंपाउंडच पडतं.

नवी मुंबईत लोकलने फिरणाऱ्याची मजा आहे. वाशी स्टेशनजवळ इनऑर्बिट मॉल, सीवूड्स स्टेशनवरच नेक्सस सीवूड्स मॉल. सीवूड्सला तर पावसात छत्री न उघडता पोचता येतं. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने वाशीला जाता येतं, आणि ठाणे-नेरूळ गाडी पकडलीत तर नेरूळला उतरून सीवूड्सला जायला गाडी बदलायची. नेरूळ, बेलापूर, खारघरमधल्या सेक्टरांत सुपरमार्केटं भरपूर, पण ऑरेंज डार्क एका चकरेत मिळेलच असं समजू नका.

वाशीच्या एपीएमसीतला मसाला मार्केट हा ड्रायफ्रूट आणि बदामाच्या कापांसाठी चांगला. डिसेंबर जवळ आला की केकसाठी पाकवलेली संत्र्याची साल सगळीकडेच दिसू लागते. घेताना एक तुकडा मोडून बघा. सालीला एक बाजू खरखरीत, बारीक छिद्रांची असते. तुकडा चारही बाजूंनी गुळगुळीत, चौकोनी आणि भडक रंगाचा असेल तर ती टुटीफ्रुटी, म्हणजे रंगवलेली कच्ची पपई. ती खायला वाईट नाही, पण संत्रं नव्हे.

ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्टवर शोधायचं असेल तर नुसतं ‘ऑरेंज चॉकलेट’ टाकू नका, गोळ्या आणि जेल्यांचा पूर येतो. ‘डार्क’ आणि ‘पील’ किंवा ‘झेस्ट’ हे शब्द जोडा. मागणी रात्री नोंदवा. एप्रिल-मेच्या दुपारी डिलिव्हरीच्या बॅगेत वीस मिनिटं काढलेला बार दारात येईपर्यंत वाकलेला असतो.

पायरी ५ : बेकरीत काय विचारायचं

काचेमागचा ‘चॉकलेट ऑरेंज’ केक दिसायला देखणा असतो. प्रश्न दोनच विचारा. पहिला : ‘यात ऑरेंज क्रश आहे की साल किसून घातलीय?’ क्रश म्हणजे बाटलीतला घट्ट, रंगीत, गोड रस. केकवर तो चकाकतो छान, पण चव सरबताची. दुसरा : ‘चॉकलेट कंपाउंड आहे का?’ काउंटरवरच्या मुलाला माहीत नसेल तर आतून विचारून येईल. ज्या बेकरीत या प्रश्नावर कपाळाला आठ्या पडतात, तिथे मी फक्त पाव घेतो. ट्रफल असेल तर संत्र्याचं लिकर किंवा रम घातलीय का तेही विचारा, विशेषतः मुलांसाठी नेत असाल तर.

खरं सांगायचं तर या बाबतीत होम बेकर जास्त भरवशाचे. घोडबंदरपासून खारघरपर्यंत मोठ्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चौकशी केलीत की एखादं तरी नाव मिळतंच. दोन-तीन दिवस आधी सांगा, ‘ताज्या सालीचा किस घाला, इसेन्स नको’ एवढं स्पष्ट बोला, आणि संत्री स्वतः नेऊन द्यायची तयारी ठेवा. गणपतीत चॉकलेटचे मोदक करणाऱ्यांना डार्क-ऑरेंज सारणाचे मोदक सांगून बघा. साचा तोच, काम तेच, फक्त गोडमिट्ट मिल्क चॉकलेटपासून सुटका.

पायरी ६ : फळ बाजार आणि घरचं ऑरेंजेट

विकतचं शोधून दमलात तर हा रस्ता धरा. खर्च कमी आणि चव सगळ्यात खरी.

फळ कोणतं? नागपूरच्या संत्र्याला २०१४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा आंबिया बहार साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि मृग बहार फेब्रुवारीच्या पुढे बाजारात येतो. वास अप्रतिम, पण साल पातळ आणि सुटी, त्यामुळे तिचा किस काढून गनाशमध्ये (चॉकलेट आणि क्रीमच्या मऊ मिश्रणात) घालायला किंवा वाळवून पूड करायला ती उत्तम. ऑरेंजेटच्या काड्यांसाठी जाड साल लागते. त्यासाठी फळवाल्याकडे ‘माल्टा’ मागा, म्हणजे बाहेरून येणारं, घट्ट सालीचं गोल संत्रं. हिवाळ्यात किनूही चालतं. मोसंबी मात्र नको. जालन्याची मोसंबी रसाला कितीही चांगली असली तरी तिच्या सालीला हा वास नाही.

एपीएमसीचा फळ बाजार घाऊक आहे, पहाटे-सकाळी गजबजतो आणि पेटीचा व्यवहार होतो. चार शेजाऱ्यांनी मिळून पेटी घेतली तर परवडतं. नाहीतर ठाण्यात गावदेवीजवळ किंवा कोपऱ्यावरच्या गाडीवर डझनाने घ्या. उन्हाळ्यात बाजार हापूसने भरलेला असतो, तेव्हा संत्र्याचा नाद सोडा.

बाहेरून आलेल्या फळांवर मेणाचा थर असतो. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून घासून धुवा. चार संत्र्यांना वरून खाली चार चिरा पाडून साल सोलून घ्या, बोटाच्या पेराच्या निम्म्या रुंदीच्या काड्या कापा. आतला पांढरा भाग फारच जाड असेल तरच थोडा काढा, सगळा खरवडू नका, कारण पाक शोषून मऊ होणारा भाग तोच. काड्या गार पाण्यात घालून उकळी आणा, पाच मिनिटांनी पाणी फेका. असं तीनदा. ही पायरी गाळलीत तर काड्या कडू जहर होतात. मग २०० ग्रॅम साखर आणि तेवढंच पाणी एकत्र करून काड्या त्यात मंद आचेवर ४० ते ५० मिनिटं ठेवा. ढवळत बसू नका, साखर रवाळ होते. काडी उजेडासमोर धरली की आरपार काचेसारखी दिसली पाहिजे. तशी दिसली की झाल्या. उरलेला पाक टाकू नका, सोडा वॉटरमध्ये झकास लागतो.

जाळीवर पसरून रात्रभर वाळवा. डिसेंबर-जानेवारीत काम एका रात्रीत होतं. जुलैमध्ये आपल्या हवेत त्या आठवडाभर चिकटच राहतात. तेव्हा ओव्हन सगळ्यात कमी तापमानावर ठेवून दार किंचित उघडं ठेवा, किंवा सरळ थंडीची वाट बघा.

चॉकलेट २०० ग्रॅम घ्या, त्यातला पाव भाग बारीक चिरून बाजूला ठेवा. बाकीचं गरम पाण्याच्या भांड्यावर वाटी ठेवून वितळवा. वाटीचा तळ पाण्याला लागू देऊ नका आणि वाफेचा थेंबही आत पडू देऊ नका. खाली उतरवून बाजूला ठेवलेलं चॉकलेट त्यात घालून ढवळत राहा. थर्मामीटर असेल तर ३१-३२ अंशांवर थांबा. नसेल तर खालच्या ओठाला थेंब लावून बघा, किंचित गार लागला पाहिजे. काड्या पूर्ण कोरड्या असल्याची खात्री करून बुडवा आणि बटर पेपरवर ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत चकाकी धरून कडक झाल्या तर टेंपरिंग जमलं. डाग पडले, मऊ राहिल्या, तरी चवीला बाधा येत नाही, घरच्यांना खिलवायला काय हरकत!

एवढा खटाटोप नको असेल तर एक चोरवाट आहे. विदर्भ एक्सप्रेसने नागपूरहून कोणी येत असेल तर संत्रा बर्फी मागवा, तिचे बोटभर तुकडे करून वितळलेल्या ७० टक्क्यांच्या चॉकलेटात अर्धे बुडवा. बर्फी गोड असल्याने इथे चॉकलेट कडू हवं. विदर्भातले लोक नाक मुरडतील, पण वाटी रिकामी करतील.

पायरी ७ : सांभाळायचं कसं

कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं आणि आपला उन्हाळा ते सहज गाठतो. मार्च ते जून बार घ्यायला संध्याकाळी जा, गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. फ्रिजमध्ये ठेवायचं तर हवाबंद डब्यात, कांदा-लसणापासून लांब, कारण चॉकलेट वास पटकन ओढतं. काढल्यावर डबा लगेच उघडू नका. अर्धा तास बाहेर राहू द्या, नाहीतर दमट हवेतलं पाणी वर जमून साखरेचे पांढरे खरखरीत डाग पडतात. पांढुरका थर बोटाला तुपकट लागला तर तो वर आलेला कोको बटर, उन्हाने झालेला. दोन्ही खाऊन काही होत नाही. घरच्या ऑरेंजेट पावसाळ्यात आठवड्याभरात संपवा, थंडीत दोन-तीन आठवडे सहज टिकतात.